जोडणी

डेव्हलपर पोर्टलला बिल्ड सर्व्हर जोडायचं काम तिच्याकडे होतं. कुणीही बिल्ड चालवली, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम तयार करायला लावला, की त्या बिल्डच्या नावाची ओळ, चालवणाऱ्याच्या नावासह, आपोआप पोर्टलवर, म्हणजे ऑफिसच्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर उमटायला हवी होती. त्या दिवशी ती घरून काम करत होती.

नवऱ्याचा फोन उचलायला उशीर झाला, एवढंच निमित्त. घरी येताच त्याने तिचा मोबाइल फरशीवर आपटला आणि मग तिचं डोकं दाराच्या चौकटीवर, तीनदा. ओठ फाटला. उजवं मनगट त्याने पिरगाळलं तेव्हा हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

दाराला आतून कडी घालून, पट्टा मुठीला गुंडाळून तो तिच्या मागे उभा राहिला. "काम संपव मुकाट्याने. कुणाला मेल केलास तर इथेच जीव घेईन."

"मेल नाही करत. जोडणी चालते का, तेवढं बघते."

कोडमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. कोडच्या ओळींच्या गर्दीतच तिने डाव्या हाताने, इंग्रजी अक्षरांत सलग, बिल्डचं नाव टाकलं, 'नवरा मारतोय, घरी पोलीस पाठवा', आणि बिल्ड चालवली.

वीस मिनिटांनी पोलिसांनी दार फोडलं तेव्हा पट्टा तिच्या पाठीवर चालूच होता.

स्ट्रेचरवरून नेताना तिने ऑफिसमधून धावत आलेल्या मैत्रिणीला विचारलं, "दिसलं ना स्क्रीनवर?"

"सगळ्यांना दिसलं," म्हणत मैत्रिणीने आपल्या मोबाइलवर पोर्टल उघडून दाखवलं.



तिच्या ओळीखाली आणखी एक ओळ आली होती, विभागप्रमुख मॅडमच्या नावाने: 'माझ्याही घरी पाठवा.'