साधी भीती

मेथी निवडता निवडता हेमांगीबाईंच्या हातातली बांगडी लाल झाली. रक्त वाचणाऱ्या त्या बांगडीने थेट दवाखान्यालाच कळवलं.

डॉक्टर नाडकर्णींनी पडद्यावर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली सुपारीएवढी गाठ दाखवली.

"धडधड, घाम, डोकं ठणकणं, सगळं हिच्यामुळे. मनात येईल तेव्हा ही रक्तात ॲड्रेनलिन सोडते, घाबरल्यावर सुटतं तेच."

"म्हणजे गाताना चक्कर यायची, ती?" बाईंनी विचारलं. त्यापायी त्यांनी गाणं सोडलं होतं आणि स्वतःला भित्री मानलं होतं.

"तीही."

आधी गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात आणला. मग शिरेतून सोडलेल्या सूक्ष्म यंत्रांनी चिरफाड न करता ती गाठ विरघळवली.

पुढे सावंतवाडीच्या नाट्यगृहात पडद्यामागे उभं असताना त्यांची छाती पुन्हा धडधडली. मुलगी मृण्मयी धावत आली. बांगडी हिरवीच होती.

"आई, गाठबीठ काही नाही. तू नुसती घाबरली आहेस गं."

"सगळे घाबरतात तशीच?"

"अगदी तशीच."

हेमांगीबाईंना हसू फुटलं. कपाळावरचा घाम पदराने टिपत त्या मंचावर जाऊन बसल्या आणि त्यांनी षड्ज लावला. सूर किंचित थरथरला, मग स्थिरावला.