चिमणीचे दात

शाळा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. पोरं घरोघरी पडद्यापुढे बसून शिकत. रेवा सगळ्या विषयांत पहिली आली, पण पडद्याने बजावलं, "मुलगी कुणात मिसळत नाही. आईवडिलांपैकी एकाने घरी थांबावं."

"मीच सोडते नोकरी," रेवाची आई, गोजराबाईंची सून शर्वाणी डोळे पुसत म्हणाली. तिचा नवरा चहा ढवळत बसला.

"आणि घरी बसून काय तिच्याएवढी होणार आहेस?" गोजराबाई कडाडल्या. त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या. पाढे केव्हाच विसरले होते, पण मधल्या सुट्टीत परकराच्या टोकात धरून मैत्रिणीसाठी फोडलेल्या लिमलेटच्या गोळीची चव अजून जिभेवर होती.

त्यांनी समोरच्या घरातल्या इराला हाताला धरून आणलं आणि रेवाच्या हातात एकच गोळी ठेवली. "दोघींत खा."

"अर्धी-अर्धी," रेवा म्हणाली. "पण आजी, सुरी लागेल."

"अगं, चिमणीचे दात आहेत की तुला! फ्रॉकच्या टोकात धर आणि चाव, म्हणजे उष्टी होत नाही."

"हे अस्वच्छ आहे," पडदा म्हणाला.

"तुला देतंय कोण, मेल्या!"

कडकन गोळी फुटली. एक तुकडा मोठा निघाला, एक बारका. मोठा उचलून इरा दाराबाहेर पळाली. रेवा क्षणभर बघतच राहिली, मग किंचाळत तिच्यामागे धावली.

शर्वाणी घाबरून उठली.

"बस गं खाली," गोजराबाई म्हणाल्या. "शाळा भरलीय. तू उद्या कामावर जा."