वरचा कप्पा

नात रांगायला लागली आणि घरातल्या वस्तू वर चढल्या. जमिनीजवळच्या सॉकेटांना झाकणं बसली, इस्त्रीची लोंबती वायर गुंडाळली गेली आणि औषधांचा डबा कपाटाच्या अगदी वरच्या कप्प्यात गेला. पंचाईत झाली आजोबांची. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि डाव्या हातात काठी.

"हात वर, आजोबा!" फिजिओथेरपिस्ट रोज बजावायची.

"वर काय ठेवलंय माझं?" ते कुरकुरायचे.

आज आजीने डब्यातून गोळ्यांची पट्टी काढून त्यांच्या हातात दिली आणि ती पाणी आणायला वळली. तेवढ्यात नात त्यांचा पायजमा धरून उभी राहिली आणि चकचकीत पट्टीवर झेपावली.

"अगं, धाव! ही गोळ्या खाणार!"

आजी धावत आली आणि दारातच थबकली.

"बघत काय राहिलीस? उचल की तिला!"

आजीने नातीला कडेवर घेतलं, पण नजर काही हलेना. "अहो, हात खाली घेऊ नका. फोटो काढते."

आजोबांनी मान वर केली. पट्टी त्यांच्या डोक्याच्याही वर लखलखत होती, उजव्या हातात.