दर्शन चुकू नये म्हणून

नेपाळला निघायच्या आदल्या दिवशी निवृत्तीअण्णा सांगलीहून पलूसला आले. बसमध्ये पुढची सीट मिळाली होती, माकडटोपी घेऊन झाली होती, पशुपतिनाथाला घालायला कृष्णेचं पाणीही भरून ठेवलं होतं. घोर एकच होता. आई धाकट्या भावाकडे, जालिंदरकडे, अंथरुणाला खिळून होती.

तिच्या उशाशी उभं राहूनच त्यांनी जालिंदरला बजावलं, "आईचं काय बी झालं तरी मी येईस्तोवर कळवू नगंस. कळलं की सुतक लागतंय. मग एवढ्या लांब जाऊन देवळाच्या भाईर उभा ऱ्हाऊ व्हय?"

जालिंदरनं आईचं पांघरूण सारखं केलं. आईनं डोळे मिटून घेतले.

पंधरवड्यानं अण्णा रुद्राक्षांची माळ घेऊन आले. आई खाटेवर उठून बसली होती. त्यांना हायसं वाटलं. मग भिंतीवरचा जालिंदरचा फोटो दिसला. त्याला ताजा हार होता.

अण्णा फोटोपुढं गेले. "आई, मला कळवलं का न्हाई गं कुणी?"

"मीच कळवू दिलं न्हाई," आई म्हणाली. "तुला सुतक लागलं असतं की रं."