फिरंग्यांच्या वेळचा काठ

“कोणाला पटायचं नाही सायेब, पण हा काठ माझ्या खापरपणजाने फिरंगी गव्हर्नराच्या बायकोसाठी विणला,” इनास साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून म्हणाला, आणि त्याच्याच वकिलाने डोळे मिटून घेतले.

इनासला वाटलं, वकील भारावला. ठाण्याच्या रेशीम विणणाऱ्या किरिस्तावांची ती खोडच होती. काल मागावरून उतरलेलं कापडही फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, अमदानीतलं म्हणून सांगायचं. त्याशिवाय गिऱ्हाईक हात लावत नसे.

टेबलावर दोन लुगडी पसरली होती. एक इनासचं, दुसरं कल्याणच्या रतनशेटचं. काठ तंतोतंत सारखा. इनासने त्या काठाची कलकत्त्याच्या सरकारी कचेरीत आपल्या नावावर नोंद केलेली. शेटने नक्कल थांबवावी, एवढंच त्याचं मागणं. शेटचे वीस माग तोच काठ विणत होते. इनासचा माग एकच.

“म्हणजे दीडशे वर्षं झाली असतील?” शेटच्या वकिलाने गोडीत विचारलं.

“दोनशे म्हणा.”

“पुष्कळांनी पाहिला असेल मग.”

“वसईपासून गोव्यापर्यंत. बायका मिसाला देवळात नेसून जायच्या.”

वकील जज्जसाहेबांकडे वळला. “कायदा राखतो ती नवी नक्षी. ही दोनशे वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. नोंद रद्द व्हावी.”

इनासला आता कुठे पेच कळला. नवी म्हणावी, तर मघाशी बायबलावर हात ठेवून खोटं बोलल्याबद्दल तुरुंग. जुनी म्हणावी, तर उद्यापासून माग बंद. रतनशेट मिशीतल्या मिशीत हसत होता.

“नक्की सांग,” साहेबांनी टाक उचलला. “नवी की जुनी?”

जन्मात पहिल्यांदा इनासला थाप सुचेना.

मागच्या बाकावरून त्याची बायको उर्सुला उठली. आडव्या आलेल्या शिपायाला कोपराने सारून ती टेबलापर्यंत पोचली.

“खोटं बोलतो हा, सायेब. गेल्या नाताळात माझ्या चुलीतला कोळसा घेऊन ह्याने हा काठ भिंतीवर काढला. अजून भिंत पोतारली नाही मी. येऊन बघा.”

“गप्प बस गं,” इनास पुटपुटला.

तिने काठावर बोट ठेवलं. “ह्या कमानी खाडीवरच्या पुलाच्या. हा वरचा धूर. आता ह्यालाच विचारा, गव्हर्नराची बायको आगगाडीत कधी बसली.”