सेनामची झोप

"आज ते यंत्र गप्प होईल, नाहीतर मी ते गटारात टाकीन," झिफा दबक्या आवाजात म्हणाली.

पाळण्यामागच्या टेबलावर तिच्या नवऱ्याचा, सेलोर्मचा, नऊ वर्षांचा सर्व्हर घरघरत होता. घरातले सगळे फोटो त्यातच. त्यावरचं लिनक्स इतकं जुनं, की आतला पंखा कायम पूर्ण वेगात फिरायचा.

"नवी आवृत्ती घातली की पंखा ऐकेल माझं," सेलोर्म म्हणाला.

"तीन वर्षं 'येत्या शनिवारी' चाललंय तुझं. पोरीचे कान जातील तोवर."

"अगं, हळू. उठेल ती."

सहा महिन्यांची सेनाम झोपली होती, हेच नवल. केटाला माहेरी नेलं की रात्रभर किंचाळायची. चर्चमध्ये तेच. इथे टेमातल्या घरी झोपायची, पण वीज गेली की उकाड्याने रडायची. झिफा सगळं वहीत टिपून ठेवी.

"वही काय अंगाई म्हणते?" मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या केंकेची पानं सोलताना सासूबाई म्हणाल्या. "माझ्या गाण्याने झोपते ती."

"नवी आवृत्ती अर्ध्यात अडकली!" सेलोर्म कपाळावर हात मारून म्हणाला. "बंद करून चालू करतो."

घरघर थांबली. सेनामने ओठ काढले. सासूबाई धावत येऊन गुणगुणू लागल्या. यंत्र पुन्हा घरघरलं. पोर निवांत झाली.

"बघ, एका कडव्यात!"

झिफाने दातओठ खात वहीत लिहिलं : तीन वाजून दहा मिनिटं. गाणं.

चारच्या सुमारास सेलोर्मने यंत्र शेवटचं बंद करून चालू केलं, आणि हात वर केले. "झालं! फोटोही शाबूत. आणि ऐक."

ऐकायला काहीच नव्हतं. गल्लीतल्या कोंबड्या तेवढ्या ऐकू आल्या.

सेनामने डोळे उघडले आणि टाहो फोडला.

सासूबाईंनी एक कडवं म्हटलं. दोन. तीन. "उकडतंय गं तिला."

"डोक्यावर पंखा फिरतोय, आई," सेलोर्म म्हणाला.

झिफाने वहीची पानं मागे उलटली. केटा. चर्च. वीज गेली. वीज गेली. तीन वाजून दहा मिनिटं.

तिने वही मिटली, पाळण्यावर वाकली आणि लेकीच्या कानाशी तोंड नेलं.

"घर्रर्रर्रर्र..."

सेनामचे डोळे मिटले.

झिफा श्वास घ्यायला थांबली.

डोळे उघडले.