आढ्यावरचे काटे

मागच्या ताडावर गिधाड येऊन बसलं, तशी शकूने पाळणा ओढत ओढत पुढच्या दाराशी आणला. गणू झोपेत हसत होता. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"घरावर नाय ना बसलं?" सासूने, भामाने, अंगणातून विचारलं.

"नाय. ताडावरच हाय."

भामाने तिथूनच देवाला हात जोडले. गिधाड ताडावर बसलं तर कुणाचं काही बिघडत नसे. घरावर बसलं, की मात्र घर सोडायचं. चूल विझवायची, दाराला कडी घालायची, आणि घराची शांत करून घेतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. जो राहील त्याच्या घरातलं सगळ्यात धाकटं जातं, असं करंजाडे गावात म्हणत. या घरात सगळ्यात धाकटा गणू होता.

आधी कावळे जमायला लागले होते. मग घारी आल्या. आणि आता हे.

शकूचा चेहरा त्या वैशाखात अगदी उतरून गेला. मागच्या खोलीत ती दुपारची पाठसुद्धा टेकत नसे. सकाळी बैलांना पेंढा काढायला मागच्या, कौलांना टेकलेल्या उडवीवर चढे, तेवढीच काय ती घरामागे जाई. आभाळ भरून आलं, की हातातलं काम टाकून पोराला उचलून घेई. दळताना तिच्या तोंडी ओवीही तीच येई:

पाळणा बांधिला, दाराच्या गं कडंला
माझ्या गणूपायी, जीव टांगिला आढ्याला

भामा शेजारणींना हसून सांगायची, की आमच्या सुनेला कशाकशाची म्हणून भीती. पावसाळ्यात भिंतीची, उन्हाळ्यात पाखराची.

भिंतीचं खरं होतं. गेल्या पावसात मागच्या भिंतीला पोट आलं होतं, भेग पडली होती. शकूने सासऱ्याला, काशीरामला, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. शेवटी तो म्हणाला होता, "माझ्या बापानं बांधलेली भिंत हाय ती, तुझ्या बापानं नाय." नवरा कमळाकर मिठागरावर असायचा. तो घरी आला की म्हणे, बाबांना विचार. मग काशीरामने भेगेवरून शेणाचा हात फिरवला आणि विषय संपला.

गिधाडाचा विषय मात्र संपेना. काशीरामलाच झोप येईनाशी झाली. आढ्यावर लोखंडी काटे बसवायचे, असं त्याने ठरवलं. पनवेलला बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारा दयाराम लोहार असले काटे फळीवर ठोकून देतो, असं त्याच्या कानावर आलं होतं. जाताना त्याने शकूला गाडीत घेतलं. भीती हिला जास्त, तर हीच निवडू दे, म्हणजे मागून कुरकुर नको, असं त्याचं म्हणणं.

दयारामने दोन नमुने पुढे टाकले. एकावर वीतभर लांब, बारीक सळया. दुसऱ्यावर बोटभर उंचीचे जाड खिळे, दाटीवाटीने ठोकलेले. काशीराम बाहेर बैलांना पाणी दाखवत होता.

शकूने खूप विचारलं. कुठला काटा कुठल्या पाखराला, कुठला चालेल, कुठला चालणार नाही. चूक व्हायला नको, पोराचा प्रश्न हाय, म्हणाली.

दयाराम शांतपणे सांगत गेला. जाड खिळे कावळ्या-कबुतराला. गिधाडाचा पंजा मोठा, अंग जड. ते खिळ्यांवर फांदीवर बसावं तसं बसेल. त्याला लांब सळईच हवी.

शकूने सळईच्या टोकाला बोट लावलं. "वाऱ्यानं ही फळी खाली आली तर? अंगणात पोर असतं."

"घट्ट बांधली तर येत नाय, बाय."

मग तिने जाड खिळ्यांची फळी उचलून कडेवर घेतली, जशी पोराला घेई तशी. दयारामने खांदे उडवले. काशीरामने खिळे चाचपून पाहिले आणि मजबूत आहेत म्हणून खूश झाला.

फळ्या आढ्यावर चढल्या. कावळे वर वर घिरट्या घालून परत गेले. भामाने नारळ फोडला. शकू मात्र तशीच, डोळे वर लावून, गणूला छातीशी धरून फिरत राहिली.

दोन-चार दिवसांनी, ऐन सकाळी, कौलं करकरली. अंगणातल्या उन्हात एक मोठी सावली पसरली आणि मिटली. भामाने वर पाहिलं आणि काशीरामला हाक मारली. गिधाड आढ्यावर होतं. खिळ्यांवर पंजे रोवून, मान आत ओढून, आरामात.

त्यानंतर कुणी कुणाशी वाद घातला नाही. आयुष्यात कुणाचं न ऐकलेल्या काशीरामने स्वतः चुलीत पाणी ओतलं. भांडी, गोधड्या, देव, सगळं गाडीत चढलं. सुकापूरला भामाच्या बहिणीकडे जायचं ठरलं. भामा वाटेभर रडत होती आणि रडता रडता सुनेला बोल लावत होती, की तुझ्याच हातानं निवडलेस ना गो ते खिळे. शकू खाली मान घालून गाडीमागून चालत होती. गणू तिच्या खांद्यावर झोपला होता. दूर डोंगरावर ढग काळे होऊ लागले होते.

गावाच्या वेशीवर खाटकाची रंभा टोपली घेऊन उभी होती. गाडी पुढे जाऊ दिली, मग ती शकूजवळ आली आणि हळूच विचारलं, की उद्यापण आढ्यावर टाकायला आतडी ठेवायची का.

"नको गो आता," शकू म्हणाली. "भिंतीचं सांगून सांगून मी दमले. गिधाडाचं त्यांनी एका सकाळीत ऐकलं."